ढोलीचे मानकरी

निपाणीच्या रानात शाळूचं कणीस दुधात आलं, की उगवतीलाच राघूंची टोळी येऊन कोसळते. माळ्यावरची पोरं गोफण फिरवतात, डबे बडवतात. टोळी कलकलाट करत उठते आणि पलीकडच्या वावरात उतरते. राघू खातो थोडं, नासतो फार. शेतकऱ्याचा संताप मला पटतो. तरी कोवळ्या उन्हात एका पायात कणीस धरून दाणे सोलणारा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी ल्यालेला नर दिसला, की माझे पाय बांधावरच थांबतात. मादीला ही कंठी नसते.

या राघूला माणूस चालतो. शाळू, मका, पेरू, बेळगावच्या कॅम्पातली जुनी झाडं, पडक्या भिंतीतलं भोकसुद्धा त्याला पुरतं. बेळगाव मागे टाकून जांबोटीची वाट धरली, की पाऊस वाढत जातो, झाडं दाटत जातात आणि पोपट बदलतात. विरळ पानगळीच्या रानात तुईया भेटतो: नराचं डोकं लालसर जांभळं, शेपटीचं टोक पांढरं. उडता उडता तो ‘तुई? तुई?’ असं विचारत जातो, आणि राघूच्या कर्कश ओरडण्यानंतर ते फार गोड वाटतं.

पुढे कणकुंबी, चोर्ला, भीमगड. भीमगडला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. या ओल्या सदाहरित रानात निळ्या पंखांचा पोपट राहतो. अंग राखाडी, नराच्या गळ्यात निळी-हिरवी झळाळती पट्टी, लांब निळ्या शेपटीला पिवळं टोक. पश्चिम घाट सोडून जगात तो कुठेही नाही. म्हादई नदीच्या उगमाकडचं हे रान म्हणजे त्याचं माहेरही आणि सासरही.

त्याच रानात चिमणीएवढा, आखूड शेपटीचा एक पोपट आहे. पांगारा फुलला की मध पिण्यात गुंग होतो आणि रात्री फांदीला उलटा लटकून झोपतो. त्याची मादी पानांच्या पट्ट्या कातरते, पाठीच्या पिसांत खोचते आणि तशीच उडत ढोलीत नेऊन अंथरते. एवढ्याशा जिवाची ही लगबग मला या सगळ्यात प्यारी.

या चौघांचंही घर म्हणजे ढोली. सुतारानं, कुटुर्ग्यानं कोरलेलं किंवा फांदी कुजून पडलेलं भोक ते चोचीनं रुंद करून घेतात. अशी भोकं जुन्या, अर्ध्या वाळलेल्या झाडांना असतात, आणि रस्ता रुंद करताना किंवा सरपणासाठी आधी तीच जातात. पिल्लं विकणारेही ढोलीवरच येतात. रानातला पोपट पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे; तरी घरोघरी ‘मिठू मिठू’ चालूच. पिल्लांपर्यंत हात पोचावा म्हणून भोक कुऱ्हाडीनं फोडतात. फुटलेल्या ढोलीत पाऊस शिरतो, घोरपड शिरते. पुढच्या हंगामात जोडी परतते, तेव्हा तिथे अंडी घालण्याजोगी जागाच उरलेली नसते.