दुखवट्यातलं गाणं

दादाला जाऊन दीड महिना झाला होता. वर्षभर घरात सण नाही, गोडधोड नाही, असं आईनं ठरवून टाकलं होतं. वहिनी मुकाट्यानं कामं उरकायची. अशा घरात एका रविवारी दुपारी आतल्या खोलीतून गिटारचा दणदणाट सुरू झाला. सतरा वर्षांचा माझा भाचा हार्ड रॉक ऐकत होता!

मी तिरीमिरीतच आत गेले. ''अरे, आजी बाहेर बसली आहे. लोक काय म्हणतील?''

त्यानं आवाज बंद केला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. अल्बमचं कव्हर संपूर्ण काळं होतं. ''आत्या, हाही दुखवटाच आहे. बाबांचा आवडता अल्बम.''

मला एकदम आठवलं. कॉलेजात असताना दादा हीच कॅसेट लावायचा आणि अण्णा बाहेरून ओरडायचे. मी तिथंच पलंगावर बसले. भाच्यानं मला त्या अल्बमची गोष्ट सांगितली. नंतर मी ती वाचून पडताळलीही. पत्रकाराची खोड, दुसरं काय!

एसी/डीसी हा ऑस्ट्रेलियातला बँड. स्कॉटलंडहून तिथं गेलेल्या माल्कम आणि अँगस यंग या भावांनी तो १९७३ मध्ये काढला. नाव सुचलं ते त्यांच्या बहिणीला, शिलाई मशीनवरची अक्षरं पाहून. अँगस शाळेच्या गणवेशात गिटार वाजवतो, ती कल्पनाही तिचीच. बँडचं नाव होऊ लागलं आणि १९ फेब्रुवारी १९८० रोजी त्यांचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये अतिमद्यपानानं गेला. वय अवघं ३३.

बँड बंद करावा, असंच सगळ्यांच्या मनात होतं. पण बॉनच्या आई-वडिलांनीच त्यांना सांगितलं, थांबू नका, त्यालाही ते आवडलं नसतं. मग इंग्लंडमधल्या न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन गायक म्हणून आला. एप्रिल-मेमध्ये बहामाच्या नसाऊ शहरात ध्वनिमुद्रण झालं आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला. मृत्यूनंतर जेमतेम पाच महिन्यांनी! कव्हर काळं, कारण तो शोक होता. कंपनीला ते पसंत नव्हतं. शेवटी अक्षरांना करडी कडा देऊन तडजोड झाली.

लोक नव्या गायकाला स्वीकारतील का, ही धास्ती होतीच. पण ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला, अमेरिकेत चौथ्या. पुढं खप वाढतच गेला. २०१९ मध्ये एकट्या अमेरिकेत त्याला अडीच कोटी प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. गाणी मात्र रडकी नाहीत. दुःख आहे ते सुरुवातीच्या घंटेत. इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या कारखान्यात बँडसाठी सुमारे नऊशे किलोंची घंटा ओतून घेतली होती, तिचेच ते टोल.

''त्याच्या आईनं असं सांगितलं?''

आम्ही दचकून पाहिलं. आई दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

''हो आजी. आई-वडील दोघांनीही.''

आई काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ''ती घंटा ऐकव बघू.''

घंटेचे संथ टोल खोलीभर घुमले. आई डोळे मिटून ऐकत होती. पाठोपाठ गिटार सुरू झाली तशी तिनं हात वर केला. ''पुरे. पुढचं तुझं तू ऐक. आणि काय रे, तुझ्या त्या कॉलेजच्या गॅदरिंगचं काय झालं?''

भाच्यानं मान खाली घातली. तो गिटार वाजवणार होता. दादा गेल्यावर त्यानं नाव मागं घेतलं होतं. आम्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं, विचारायचं सुचलंही नव्हतं. मी मात्र लोक काय म्हणतील, हे विचारून मोकळी झाले होते!

''नाव परत दे,'' आई म्हणाली.

पंधरा दिवसांनी तो गिटार खांद्याला अडकवून निघाला. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलंच. आईनं तिकडं लक्ष दिलं नाही. वर्षभर गोड नाही म्हणणाऱ्या माझ्या आईनं नातवाच्या हातावर दही ठेवलं, साखर घालून. वहिनी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली आणि तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.