सेतूच्या वाळूतले पाणी



२०२४ साली श्रावण वद्यात रामेश्वरला निघालो तेव्हा गावात ज्याने त्याने एकच विचारले, "आत्ता? ह्या दिवसांत कोण जातं तिकडं?" विचारणाऱ्यांचे चुकत नव्हते. तिकडे गर्दी उसळते ती आषाढातल्या आणि पौषातल्या अमावास्येला, महाशिवरात्रीला, नाही तर थंडीच्या सुट्ट्यांत. श्रावणाच्या शेवटी तिथे वाऱ्याशिवाय काही नसते. आपल्याकडे पाऊस घेऊन येणारा हा नैर्ऋत्येचा वारा घाटावर मोकळा होतो आणि त्या टोकाला पोचतो तो कोरडाच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो तिथे वाहत राहतो. त्यांचा पाऊस पुढे, दिवाळीच्या आसपास, उलट्या दिशेने येतो.

मला तेव्हाच जायचे होते. आषाढीची वारी चुकवायची नव्हती आणि पितृपक्षाच्या आत एक काम उरकायचे होते.

काम होते तांब्याच्या एका गडूचे. तोंड डाख देऊन बंद केलेला, आत काशीचे गंगाजल. माझे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, २०१७ साली काशीला जाऊन आले तेव्हा त्यांनी तो आणला. काशीचे पाणी रामेश्वराला घालावे, रामेश्वरची वाळू प्रयागला सोडावी, तेव्हा ती यात्रा पुरी होते, ही आपल्या घरांतली जुनी समजूत. दादा आमच्या दिंडीचे विणेकरी होते. दर वर्षी पंढरीहून परतताना ते मला म्हणायचे, "चल की रे, एकदा तेवढं रामेश्वरचं उरकून येऊ." आणि दर वर्षी मी म्हणायचो, "दादा, पंढरी असताना आपल्याला आणखी कुठं जायचंय?" ऐकणारे माना डोलवायचे. सिद्धान्त खरा होता, सांगणारा खोटा होता. मला त्यांच्याबरोबर चार दिवस एकटे राहण्याची भीती वाटत होती.

ती का, तेही सांगतो, कारण त्यावाचून पुढचे सांगण्यात अर्थ नाही. वडिलांच्या वेळची विहीर आमच्यात सामाईक. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस माझी. २०१९ च्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. माझी डाळिंबे ऐन भरात होती. दादांच्या पाळीतल्या दोन रात्री मी मोटार चालू ठेवली आणि होते तेवढे पाणी ओढून घेतले. त्यांच्या अकरा लिंबोण्या त्या वैशाखात वाळल्या. त्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, पेटीत काहीतरी बिघाड होता, मोटार आपोआप चालू राहिली. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी देवळात हरिपाठाला नेहमीच्या जागी, माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी भांडण केले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

२०२३ च्या कार्तिकात दादा गेले. वर्षश्राद्धाच्या आत वहिनींनी देवघरातला गडू माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, हे तुम्हीच न्या. आणि येताना सेतूची वाळू आणा." हिला गुडघ्यांमुळे प्रवास झेपण्यासारखा नव्हता. एकटाच निघालो.

वारकऱ्याला एकटे चालण्याची सवय नसते. आपण निघतो ते दिंडीत, पुढे पताका, मागे तुळस, उजवीकडे-डावीकडे टाळकरी. पाय दुखले तर दुसऱ्याच्या पायांकडे बघून चालायचे. या प्रवासात गडू मांडीवर घेऊन बसलो होतो आणि बोलायला कोणी नव्हते. तमिळ मला येत नाही. मद्रासच्या पुढे माझ्या हिंदीचाही उपयोग संपला.

रेल्वे तेव्हा बेटावर जात नव्हती. पांबनचा जुना पूल, १९१४ सालचा, डिसेंबर २०२२ पासून बंद होता आणि शेजारी नव्या पुलाचे काम चालले होते. तो पुढे एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. मी बसने, मोटारींच्या पुलावरून गेलो. खिडकीतून जुना पूल खाली दिसत होता, पाण्याला अगदी लागून. त्या पुलावर वारा मोजण्याचे यंत्र होते. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल लाल व्हायचा आणि गाडी उभी राहायची. बस पुलाच्या मध्यावर आली तेव्हा ती एका बाजूला दबल्यासारखी झाली. ड्रायव्हरने चाक घट्ट धरले, बाकी कोणाला त्याचे काही वाटले नाही. मी गडू दोन्ही हातांनी धरला.

एकेकाळी ह्या वाटेने आपली माणसे पायी जात. तंजावरच्या भोसले राजांनी त्यांच्यासाठी वाटेवर छत्रे बांधली, तिथे यात्रेकरूला जेवण आणि आसरा मिळे. रामेश्वराच्या पूजकांची मूळ घराणीही महाराष्ट्रातलीच. असे असून मी मात्र परक्या देशात आल्यासारखा अंग चोरून बसलो होतो.

देवळात दर्शनबारी नव्हती. पंढरीत आठ-दहा तास बारीत उभे राहिलेल्या माणसाला हे चुकल्यासारखे वाटते. बावीस तीर्थांच्या विहिरींवर एरवी रांगा असतात म्हणे; मला पोहरेवाल्याने एकट्याला भराभर न्हाऊ घातले आणि ओल्या कपड्यांनी पुढे पिटाळले. तो सुप्रसिद्ध लांब सोपा, बाराशेच्या वर खांबांचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. प्रथा अशी की मारुतीने आणलेल्या विश्वलिंगाचे दर्शन आधी, आणि सीतामाईने वाळूचे केलेले रामलिंग नंतर. खिडकीवर पावती फाडली, गडूचा डाख काढला, पूजकांनी आत पाणी घातले. सात वर्षे देवघरात राहिलेले पाणी. मला वाटले होते, काहीतरी सुटेल. डोळे भरतील. काही झाले नाही. रिकामा गडू हातात आला, त्यात तळाला दोन थेंब होते. बाहेर येऊन मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी वद्य एकादशी. वाळू आणायला धनुष्कोडीला गेलो.

रामेश्वरपासून वीसेक किलोमीटर. जसे पुढे जावे तसे बेट निमुळते होत जाते. शेवटी एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन समुद्र. हा रस्ता टोकापर्यंत २०१७ साली झाला, त्याआधी कित्येक वर्षे वाळूतून जावे लागे. डावीकडे महोदधी, उजवीकडे रत्नाकर. वारा नैर्ऋत्येचा, म्हणून उजवीकडचा समुद्र फेसाळून उठत होता आणि डावीकडचा तळ्यासारखा निजलेला. मधल्या रस्त्यावरून वाळू वाहत होती. खरेच वाहत होती, पाण्यासारखी, डांबरावरून एका कडेने दुसऱ्या कडेला. शंखशिंपल्यांची दुकाने ताडपत्र्या बांधून बंद. बसमध्ये आम्ही सहाजण, त्यात यात्रेकरू मी एकटा.

इथे पूर्वी गाव होते. स्टेशन होते, टपाल होते, शाळा होती. मद्रासहून येणारी गाडी इथवर यायची आणि माणसे बोटीत बसून सिंहलद्वीपाला जायची. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळ आले. पांबनहून येणारी गाडी स्टेशनच्या तोंडाशी असताना लाटेने नेली. आत शंभराहून अधिक माणसे होती, एकही परतले नाही. सरकारने नंतर गाव राहण्याजोगे नाही म्हणून जाहीर केले. आज चर्चच्या भिंती उभ्या आहेत, स्टेशनच्या कमानीचे तुकडे, पाण्याची टाकी. आणि तरीही काही कोळ्यांची घरे आहेत, झावळ्यांची, वीतभर वाळूत रुतलेली.

टोकाला जाऊन सेतूची वाळू पंचात बांधली. हरिपाठ म्हणावा म्हणून बसलो. तोंडातून शब्द निघाला की वारा तो कानापर्यंत पोचू देत नव्हता. टाळ वाजवले, तेही ऐकू आले नाहीत. आपण म्हणतो आहोत की नाही हेच कळेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी हरिपाठ अर्ध्यावर सोडला. परतीची बस दिसेना म्हणून पडक्या चर्चकडे चालत निघालो. तो चार-पाच किलोमीटरचा पल्ला आपल्याला काही नाही; पण वारा समोरून-कडेने, दातांत वाळू, आणि बाटलीतले पाणी अर्ध्या वाटेत संपले. समुद्र दोन, पाणी घोटभर नाही.

झोपड्यांशी एक म्हातारी बाई वाळूत खड्डा करून बसली होती. दोन हात खोल असेल. तळाला वाटीभर पाणी झिरपत होते, ते ती करवंटीने उचलून कळशीत ओतत होती. पावसाचे पाणी वाळूत मुरते, खारे पाणी जड म्हणून खाली राहते, गोडे हलके म्हणून वर तरंगते. हे मला नंतर रामेश्वरात एकाने समजावले. तेव्हा एवढेच दिसले की दोन्हीकडे खारट समुद्र आणि ही मधे बसून गोडे पाणी काढते आहे. करवंटीभर घ्यायचे, थांबायचे, झिरपू द्यायचे, पुन्हा घ्यायचे.

तिने माझ्याकडे पाहिले. "तण्णी?" म्हणाली. एवढा एक शब्द मला कळत होता.

आणि माउली, मी थबकलो. झोपडीच्या दारात मासे वाळत घातले होते, दारावर लाकडाचा क्रूस होता. माझ्या गळ्यात माळ, आज एकादशी. खायचे असते तर एकादशी सांगून सुटलो असतो. पाण्याला एकादशी आड येत नाही. नाथबाबांनी रामेश्वराची कावड वाळवंटात तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ती कथा आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? कीर्तनात तो प्रसंग आला की माझे डोळे भरतात, अगदी नेमाने. आणि त्याच वाळूत मला कोणी पाणी देत होते, नि मी त्या करवंटीकडे बघत उभा होतो.

बाई हसली नाही, रागावली नाही. तिने करवंटी उंच धरली आणि मला खुणेने ओंजळ करायला सांगितले. वरून, भांड्याला हात लागणार नाही अशा बेताने, धार धरली. माझ्यासारखे कितीजण तिच्या दारी येऊन गेले असतील, तेव्हा तिला ही रीत लागली असेल. मी ओंजळीने प्यायलो. पाणी गार होते, गोडे होते. पिऊन झाल्यावर तिने रिकामी करवंटी पुन्हा खड्ड्यात सोडली, आणि मला दिसले की खड्डा कोरडा आहे. मी प्यायलो ती तिची कळशीत जायची पाळी होती.

दादांच्या लिंबोण्या मला तिथे आठवल्या. देवळात आठवल्या नव्हत्या.

मी खाली बसलो. "अम्मा," म्हणालो आणि करवंटीसाठी हात पुढे केला. तिला आधी वाटले, मला आणखी प्यायचे आहे. कळशी दाखवली तेव्हा समजले. मग तिने करवंटी दिली. घाई केली की वाळू येते, हे मला पहिल्याच खेपेला कळले. तेव्हा मात्र ती हसली, आणि माझे मनगट धरून करवंटी कशी तिरपी बुडवायची ते दाखवले. बस येऊन गेली. कळशी भरायला तासाहून जास्त लागला असेल. मधल्या वेळात आम्ही दोघे काही बोललो नाही, पाणी चढायची वाट बघत बसलो. शेवटी मी करवंटीनेच प्यायलो. तिने माझ्या पिशवीतला गडू पाहिला, घेतला, आणि मी नको-नको म्हणत असताना त्यात पाणी भरून दिले. तोंडाला चिंधी बांधून.

घरी आल्यावर वहिनींपुढे गडू ठेवला. "हे परत कसं आणलं?" त्या घाबरून म्हणाल्या. मी सगळे सांगितले. म्हातारीचे सांगितले, मग मोटारीचे सांगितले, फ्यूजचा खोटेपणा सांगितला. वहिनी बराच वेळ पदराने गडू पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं, भाऊजी. त्या रात्री ते विहिरीवर येऊन गेले होते."

विहिरीच्या पेटीची किल्ली आता वहिनींच्या घरी खुंटीला असते. उन्हाळ्यात पहिली पाळी त्यांची. पुतण्याने लिंबाची सहा रोपे आणून लावली आहेत, त्यातली चार धरली. सेतूच्या वाळूची पुडी देवघरात आहे. प्रयागला ती कोणी आणि कधी न्यायची ते अजून ठरलेले नाही.