अन्न आणि संवाद

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही आपली म्हण भुकेल्याला उपदेश करू नये, एवढे शहाणपण सहज सांगून जाते. शासकीय सेवेत असताना अवर्षणग्रस्त भागांतील मदतकार्य मी जवळून पाहिले. तेथे भुकेचे कारण उघड असे. कणगी रिकामी, म्हणून ताट रिकामे. परंतु ताट भरलेले, घर सुखवस्तू, शहर पोहे-जिलेबीसाठी प्रसिद्ध असलेले आमचे इंदूर, आणि तरीही सोळा वर्षांची मुलगी एका घासाला भिते आहे, ही भूक गेल्या दोन वर्षांत आमच्याच कुटुंबात पाहावयास मिळाली.

ती माझ्या पुतणीची मुलगी. प्रथम तिने तळलेले सोडले, मग भात, मग पोळी. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास वाढत गेले. आपल्या घरांत उपवासाला कोण हरकत घेणार? उलट नातेवाइकांनी श्रद्धेचे कौतुक केले आणि सडपातळ झाल्याचेही. पुढे मासिक पाळी थांबली, केस गळू लागले, वैशाखातही हात गार लागू लागले. मग ‘खा ग बाळा’पासून ‘पुरे झाली नाटके’पर्यंत सर्व प्रकार होऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलेले नाव होते ॲनोरेक्सिया नर्व्होसा.

हे केवळ आजच्या काळाचे खूळ नव्हे. 1873 साली लंडनमध्ये सर विल्यम गल आणि पॅरिसमध्ये डॉ. लासेग यांनी स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले होते. ‘ॲनोरेक्सिया’ या शब्दाचा अर्थ भूक नसणे असा असला, तरी बहुधा भूक मेलेली नसते; वजन वाढण्याच्या भीतीने तिला दडपलेले असते. विकार जडला मनाला आणि झिजते शरीर, मग उपचार कोणाचा करावयाचा, हा प्रश्न आमच्या घरातही दोन तट पाडून गेला. एक पक्ष म्हणे, चार दिवस बळेच भरवा. दुसरा म्हणे, आधी तिच्या मनातले काढून घ्या, मग ती आपोआप जेवेल.

दुसऱ्या पक्षाला उत्तर देणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्या 36 निरोगी तरुणांना मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 1945 साली 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. त्याहून लक्षणीय होते ते मनातले बदल. ते चिडके, उदास, एकलकोंडे झाले. पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, एकेक घास बराच वेळ चघळू लागले. म्हणजे ज्या वागण्याला आपण मुलीचा हट्ट म्हणतो, त्यातला बराचसा भाग उपासमारच घडवीत असते. छांदोग्य उपनिषदातील उद्दालकाने हेच पुत्राला दाखवून दिले होते. पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहिलेल्या श्वेतकेतूला वेद आठवेनात; जेवल्यावर आठवले. उपाशी मेंदूपुढे उत्तम समुपदेशनही वाया जाते, ते यामुळेच.

पण पहिला पक्षही खरा ठरत नाही. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदय धोक्यात येऊ शकते; म्हणून अन्न वाढवावयाचे ते वैद्यकीय देखरेखीखाली. शिवाय वजन भरले तरी भीती तशीच राहिली, तर मूल पुन्हा त्याच वाटेला लागण्याचा संभव असतो.

आमच्याकडे आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून आखणी केली. तीन जेवणे, दोन-तीन वेळा थोडे खाणे, वेळा ठरलेल्या. काय वाढावयाचे ते आईने ठरवावयाचे, मुलीने नव्हे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात आकाराला आलेल्या कुटुंबाधारित उपचाराचे सूत्रही असेच आहे. त्यात आईबापांना दोषी धरत नाहीत. त्यांच्याकडूनच बळ घेतात. ताटावर वजनाची चर्चा नाही, रागावणे नाही, कौतुकही नाही. दर आठवड्याच्या बैठकीत मात्र भीतीविषयी मोकळे बोलणे.

एका दुपारी तिच्यासोबत बसण्याची पाळी माझी होती. वरण-भात निवत चालला होता. ती म्हणाली, “आजोबा, हे खाल्लं की आतून कुणीतरी ओरडतं माझ्यावर.” मी म्हटले, “ओरडू दे त्याला. मी इथंच बसलोय.” तो भात संपायला पाऊण तास लागला. तिचे ते वाक्य पुढच्या बैठकीत तिनेच मांडले आणि त्या आवाजाशी कसे बोलावयाचे, याचा अभ्यास तेथून सुरू झाला. पोटात थोडे अन्न गेले नसते, तर ते वाक्य सुचले नसते. आणि ते वाक्य ऐकणारे कोणी नसते, तर पुढचा घास गेला नसता.

अजून ती पूर्ण बरी झालेली नाही. या विकारात वर्षे जातात, कधी जीवही जातो. पाळी पुन्हा सुरू झाली आहे, अभ्यासात लक्ष लागते. परीक्षा जवळ आली की घास पुन्हा अडतो. म्हणून वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते की, घरातील एखादे मूल उपवासांच्या आड जेवण टाळू लागले, तर कौतुकाआधी चौकशी करावी आणि डॉक्टर लवकर गाठावा. आपल्या म्हणीत पोटोबा आधी आणि विठोबा नंतर येतो. या आजारात मात्र दोघांना एकाच पंगतीला बसवावे लागते, आणि वाढणाऱ्याने घाईने उठून चालत नाही.