मुरुमाच्या वाटेने

इंदूर शहराच्या दक्षिण अंगास, आग्रा-मुंबई रस्त्यापासून खंडव्याचा रस्ता जेथे फुटतो, तेथे भंवरकुआं नावाचा चौक आहे. नावात विहीर आहे खरी. परंतु प्रवाशाच्या डोळ्यांत भरतो तो माणसांचा भोवरा. होळकर विज्ञान महाविद्यालय जवळच, देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे आवार थोडे पुढे, आणि गल्लोगल्ली स्पर्धा-परीक्षांचे शिकवणीवर्ग. माळव्यातून आणि निमाडातून आलेली मुलेमुली येथे खोल्या घेऊन राहतात. २०२१ मध्ये या चौकाला तंट्या भिल्लाचे नाव देण्यात आले. इंग्रजी अमलात निमाडच्या डोंगरांत ज्याने वर्षानुवर्षे पोलिसांस हुलकावणी दिली आणि ज्याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरास फाशी झाली, तोच हा तंट्या. रानातल्या वाटा ज्याला तळहाताच्या रेषांसारख्या पाठ होत्या, त्याचे नाव शहरातल्या एवढ्या गजबजीच्या चौकाला मिळावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

आम्ही तेथे गेलो ते मात्र प्रेक्षणीय स्थळे पाहावयास नव्हे. आमची बहीण बुऱ्हाणपुरास असते. तिचा मुलगा दोन वर्षांपासून भंवरकुआंजवळ खोली घेऊन राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करीत होता. दुसऱ्या खेपेसही त्याचे नाव यादीत आले नाही, आणि तेव्हापासून तो घरी फिरकला नव्हता. दिवाळीतही आला नाही. बहिणीने फोनवर एवढेच सांगितले, “दादा, तू एकदा जाऊन ये. मला तो सगळे ठीक आहे म्हणतो.”

भाचा भेटला तेव्हा चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. आम्ही परीक्षेचा विषय काढला नाही. खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक सायकल दिसली, तिची चौकशी केली. त्याबरोबर त्याचे डोळे किंचित उजळले. “मामा, ही ग्रॅव्हल सायकल आहे,” तो म्हणाला. “डांबर संपले तरी ही थांबत नाही.” मग शेजारच्या खोलीतल्या मित्राची सायकल आमच्यासाठी मागून घेण्यात आली, आणि शनिवारी पहाटे निघायचे ठरले.

ज्या वाचकांना हा प्रकार नवा असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. या सायकलीची मूठ शर्यतीच्या सायकलीसारखी खाली वळलेली असते. टायर मात्र चाळीस मिलिमीटर किंवा त्याहूनही रुंद, आणि त्यांत हवा बेताचीच भरावयाची. हवा कमी असली म्हणजे टायर खड्यांवर उसळत नाही, खड्याचा आकार आपल्या अंगात सामावून घेतो आणि जमीन धरून चालतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावी २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होऊ लागली, आणि २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्याकडे खडीपेक्षा मुरूम अधिक. काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली ही तांबूस भरड जमीन शेतकऱ्याच्या बैलगाडीने दाबून दाबून वाट तयार केलेली असते. परदेशी खेळाला लागणारा रस्ता आपल्या खेड्यांनी केव्हाचाच बांधून ठेवला आहे!

नोव्हेंबरची थंडी होती. विश्वविद्यालय मागे टाकून तेजाजी नगरच्या पुढे आलो तो डाव्या हातास राळामंडळची टेकडी धुक्यातून डोके वर काढून उभी. होळकर संस्थानिकांची ही जुनी शिकारीची जागा. माथ्यावर त्यांचे शिकारगृह अद्याप आहे. १९८९ पासून हे अभयारण्य झाले. जेथे बंदुका वाजत तेथे आता हरणे निर्धास्त चरतात.

भंवरकुआंपासून वीस-बावीस किलोमीटरांवर सिमरोळ येते. येथे माळव्याचे पठार संपत आल्याची चाहूल लागते. आम्ही हमरस्ता सोडला आणि शेतांमधल्या मुरुमाच्या वाटेला लागलो. सोयाबीन निघून गेले होते, हरभरा व गहू नुकते उगवत होते. ट्रकांचा गोंगाट मागे पडला आणि टायरखाली मुरूम चिरडल्याचा बारीक करकर आवाज तेवढा उरला. भाचा पुढे, आम्ही मागे. चढावर आम्ही खोगिरावरून उठून जोर लावू लागलो तसे मागचे चाक जागच्या जागी फिरू लागले. “मामा, बसूनच राहा, हलका गिअर घ्या,” तो ओरडून म्हणाला. “उतारावर अंग मागे घ्या, पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.” ज्याला समजावण्यासाठी आम्ही आलो होतो, तोच आम्हांला समजावीत होता. आम्हांस ते मनापासून आवडले.

पुढे जमीन एकाएकी तुटते. विंध्याचा हा कडा. पठारावर पडणारे पाणी उत्तरेला वळते. इंदूरची खान नदी क्षिप्रेस, क्षिप्रा चंबळेस आणि चंबळ यमुनेस मिळून ते अखेर बंगालच्या उपसागरास जाते. कड्याखाली उतरणारी चोरल नदी मात्र दक्षिणेकडे नर्मदेस मिळते, आणि तिचे पाणी अरबी समुद्रास. पावसाचे दोन थेंब हातभर अंतरावर पडले तर त्यांची ताटातूट अशी शेकडो कोसांची! कड्यावर उभे राहून भाचा बराच वेळ खाली निमाडाकडे पाहत होता. घाटातून उतरणारा रस्ता बडवाहवरून, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून, खंडव्यावरून बुऱ्हाणपुरास जातो. भंवरकुआंच्या त्याच्या खोलीसमोरून निघणारा रस्ता तो हाच. रोज चहाला उतरताना तो घरच्या रस्त्यावरच पाय ठेवीत होता. हे आमच्या मनात आले, पण आम्ही बोललो नाही.

भेरूघाटात जपून उतरावे लागते. वळणे अवघड आणि अवजड वाहने पुष्कळ. इंदूर-इच्छापूर मार्गाच्या रुंदीकरणात येथे डोंगर फोडून बोगदे खोदण्यात आले आहेत. घाट उतरून चोरल गाव गाठले आणि तेथून नदीच्या काठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने, कालाकुंडची कच्ची वाट धरली. सागाची मोठी पाने कडेने तांबूस होऊ लागली होती. मधूनमधून पळस, मोह, धावडा. या रानात बिबट्याचा वावर आहे. म्हणून उजेडातच परतावे आणि एकट्याने जाऊ नये. पावसाळ्यात तर नदीवर मुळीच विश्वास ठेवू नये. याच चोरलवर वरच्या अंगास पाताळपाणीचा प्रसिद्ध धबधबा आहे. तेथे २०११ च्या जुलैत सहलीस आलेले एक कुटुंब अकस्मात आलेल्या लोंढ्यात सापडले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढते.

निम्म्या वाटेत भाच्याच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. जादा ट्यूब खोलीतच राहिली होती आणि ठिगळाचा डिंक वाळून गेला होता. दोघेही सायकली ढकलीत चाललो. अर्ध्या तासाने एका शेतात एक वृद्ध भिल्ल शेतकरी भेटला. त्याने काही न विचारता झोपडीतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात ठिगळे, कानस, डिंक, सारे काही जपून ठेवलेले. भाचा काम करू लागला, म्हातारा ट्यूब धरून बसला.

“घर कुठे, बेटा?”

“बुऱ्हाणपूर.”

“मग जवळच तर आहे.” थोडे थांबून त्याने विचारले, “आई आहे?”

“आहे.”

म्हातारा पुढे काही बोलला नाही. भाचा मात्र चिकटवलेल्या ठिगळावर अंगठा दाबून कितीतरी वेळ खाली मान घालून बसला. डिंक केव्हाच सुकला असावा. आम्ही पैसे देऊ केले, ते म्हाताऱ्याने घेतले नाहीत. “रस्ता सगळ्यांचा आहे,” एवढेच म्हणाला. आमच्या सहलीची वाट ही त्याच्या रोजच्या जगण्याची वाट आहे, हे तोवर आमच्या ध्यानात आले नव्हते. तिच्यावरून जाताना गुरांना वाट द्यावी, पिकातून सायकल घालू नये आणि कागदाचा कपटाही मागे ठेवू नये.

कालाकुंड हे डोंगरांच्या कुशीतले चिमुकले स्टेशन. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यातून खंडवा-इंदूर लोहमार्ग झाला. येथून पाताळपाणीपर्यंतचा घाट त्याचाच. वर पाताळपाणीस तंट्या भिल्लाचे देऊळ आहे, आणि तेथे गाडी क्षणभर थबकत असे, असे सांगतात. महूपासून खाली जाणारी मीटरगेजची नेहमीची वाहतूक रुंद मार्गाच्या कामासाठी २०२३ मध्ये बंद झाली. एवढा घाटाचा तुकडा मात्र वारसा म्हणून राखला असून, त्यावर २०१८ साली नाताळच्या दिवशी सहलीची खास गाडी सुरू झाली. या गावचा कलाकंद नावाजलेला. पळसाच्या पानावर घेतलेला तो ताजा गोड घास पोटात गेला आणि पायांचा शीण निम्मा उतरला. भाच्याने आणखी अर्धा किलो बांधून घेतला. कोणासाठी, हे आम्ही विचारले नाही.

परतीसाठी मालवाहू टेम्पो मिळाला. चोरलला हमरस्त्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. डाव्या हातास इंदूर, उजव्या हातास निमाड. भाचा टेम्पोतून उतरला, धुळीने माखलेले कपडे झटकले आणि म्हणाला, “मामा, दोन्ही सायकली तुम्हांला नेता येतील का?”

आम्ही होकार दिला. थोड्या वेळाने बुऱ्हाणपूरची बस आली. पुड्याला धक्का लागू नये म्हणून तो छातीशी धरून चढला.

रात्री उशिरा बहिणीचा फोन आला. ती फारसे बोलली नाही. “जेवतो आहे,” एवढेच म्हणाली.

वाचकहो, पुढच्या परीक्षेस तो बसेल की नाही, बसल्यास काय होईल, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु आपल्यापैकी अनेकांची मुले आज अशाच परगावच्या खोल्यांतून निकालाची वाट पाहत आहेत. काहींना यश येईल, पुष्कळांना येणार नाही. निकाल काहीही लागो, घरचा रस्ता उघडा आहे, हे त्यांना फोनवर सांगून भागत नाही. कोणीतरी उठून त्यांच्या दारापर्यंत जावे, आणि थोडी वाट त्यांच्याबरोबर चालावी.