बारातले अकरा पूर्णांक नऊ

हिवाळा या ऋतूला कवींनी फार लाडावून ठेवलं आहे. धुकं झालं, दवबिंदू झाले, शेकोटी झाली, हुरडाही झाला. पण पहाटेच्या अंधारात बर्फासारख्या स्टिअरिंगवर हात ठेवून किल्ली फिरवल्यावर गाडीतून जो आवाज येतो, त्यावर एकाही कवीने एक ओळ लिहिलेली माझ्या वाचनात नाही. एक तर कवींकडे गाडी नसावी, किंवा असलीच तर तिची बॅटरी नवी असावी.

आमच्या नाशकात थंडी पडली, हे बाहेरगावच्यांना पेपरातल्या निफाडच्या पाऱ्यावरून कळतं. मला ते गेल्या जानेवारीत गाडीवरून कळलं. कन्येची मुंबईत नोकरीची मुलाखत होती. सकाळची पंचवटी गाठायची, म्हणून आम्ही सहालाच खाली उतरलो. कन्या इस्त्रीच्या साडीत, ही दह्याची वाटी हातात घेऊन, आणि मी किल्ली बोटाभोवती फिरवत, म्हणजे गाडी असलेल्या बापाच्या रुबाबात. किल्ली फिरवली. एरवी मनात शंकेची पाल चुकचुकते. त्या दिवशी ती थेट बॉनेटमध्ये चुकचुकली. टक्. टक्-टक्-टक्-टक्.

"काय झालं?" हिने विचारलं.

"थंडीने थोडी आखडली आहे," मी म्हणालो. हे निदान मी स्वतःच्या गुडघ्यांवरून केलं होतं.

आपल्या देशात बंद पडलेल्या गाडीभोवती तज्ज्ञ जमायला दोन मिनिटं पुरतात, मग ती पहाट का असेना. दूधवाला म्हणाला, "पेट्रोल बघा." फिरायला निघालेले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "प्लगात कचरा असणार." वॉचमन नुसताच बाह्या सरसावून म्हणाला, "धक्का मारू का, साहेब?" माझी गाडी ऑटोमॅटिक. या जातीच्या गाडीला पार मनमाडपर्यंत धक्का मारला तरी ती चालू होत नाही. जुन्या फियाटला, अँबॅसिडरला निदान हँडल असायचं. समोर उभं राहून ते फिरवता यायचं. १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा सेल्फ आला, लोकांचे हात हँडलमधून सुटले आणि बॅटरीच्या हाती गेले. मोबाइलवर टॅक्सी बोलवावी, तर त्यावरचं चक्र माझ्यासारखंच जागच्या जागी फिरत होतं.

"बाबा, मी नाना आजोबांना उठवते," कन्या म्हणाली.

इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. नाना आमच्या तळमजल्यावर राहतात. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. ज्या हातांनी मिग विमानं जोडली, ते हात आता सोसायटीतल्या मिक्सरपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं दुरुस्त करतात. तर आदल्या मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला असताना नाना मला चारचौघांत म्हणाले होते, "गाडी उन्हात नका लावत जाऊ. कडुनिंबाखाली लावा. बॅटरी खराब होईल." आता, कडुनिंबावर कावळे राहतात, आणि मी गाडीला नुकतंच पॉलिश केलं होतं. मी म्हणालो, "नाना, बॅटरी थंडीत जाते, उन्हात नाही. एवढं आम्हालाही कळतं. आणि हे काही विमान नाही!" चारचौघं हसले. नाना हसले नाहीत. त्यानंतर आठ महिने आम्ही एकमेकांना जिन्यात दिसायचो, पण भेटायचो नाही.

आणि आता माकडटोपी, मफलर आणि हातात एक लहानशी पेटी अशा थाटात नाना बाहेर आले. माझ्याकडे न बघता गाडीला म्हणाले, "हं, काय होतंय?" डॉक्टर लहान मुलाला विचारतात तसं.

मला वाटलं, आता बॉनेट उघडणार. पण नाही. "हेडलाइट लावा," ते म्हणाले. मी लावले. समोरच्या भिंतीवर बऱ्यापैकी उजेड पडला. "आता किल्ली मारा." किल्ली मारताच दिवे असे मिणमिणले, की भिंतीवर जणू देवघरातली निरांजनं.

"बॅटरी," नाना म्हणाले. "दिवे असेच झगझगीत राहिले असते आणि आतून एकच टक् आलं असतं, तर सेल्फवर संशय घेतला असता. किंवा वायर कुठे सुटली आहे का ते बघितलं असतं."

मग बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी धरली होती. नानांनी ती घासली, पकड हलवून बघितली, घट्ट केली. "कधीकधी एवढ्यानेच भागतं," म्हणाले. एवढ्याने भागलं नाही. मग पेटीतून मल्टिमीटर निघाला. लाल तार इकडे, काळी तिकडे. मीटरवर आकडा आला : ११.९.

मला हायसं वाटलं. बारा व्होल्टच्या बॅटरीत अकरा पूर्णांक नऊ, म्हणजे शंभरात नव्व्याण्णव! कन्येला शाळेत एवढे मार्क पडले असते, तर मी आळीभर पेढे वाटले असते. तसं मी बोलूनही दाखवलं.

नानांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "या परीक्षेचं बोर्ड वेगळं आहे," ते म्हणाले. "आत सहा घरं असतात. भरलेल्या बॅटरीचं प्रत्येक घर २.१ व्होल्टचं. सगळं मिळून १२.६. तो खरा पहिला नंबर. १२.२ ला अर्धी बॅटरी संपलेली असते. बाराच्या खाली नापास."

मी मीटरकडे पाहिलं. नुसत्या दशांशात माणूस नापास होतो, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. गाडीचंही तसंच असेल असं वाटलं नव्हतं.

नानांनी आपली गाडी कडुनिंबाखालून काढून माझ्या गाडीसमोर आणली. आठ महिने एकमेकींकडे पाठ करून उभ्या असलेल्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. लाल केबल दोन्हीकडे अधिकच्या टर्मिनलला. काळी आधी नानांच्या बॅटरीला, आणि तिचं शेवटचं टोक माझ्या बॅटरीला नव्हे, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला. "बॅटरीतून हायड्रोजन निघतो," नाना म्हणाले. "ठिणगी उडालीच, तर ती त्याच्यापासून लांब उडू दे." एरवी भांडणात ठिणगी कुठे पडावी याचा इतका विचार कोण करतो?

पाच मिनिटं त्यांची गाडी चालू ठेवली आणि मग मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली! वॉचमनने टाळ्या वाजवल्या. नानांनी पुन्हा मीटर लावला : १४.२. "अल्टरनेटर ठणठणीत आहे. कमावणारा कमावतोय, पण बँक बुडालेली आहे," ते म्हणाले. "स्टेशनवर इंजिन बंद करू नका."

"मग हिला गाडीत बसवून द्यायला फलाटावर कसा जाऊ?"

नाना काही बोलले नाहीत. मफलर घट्ट केला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

फलाटावर मी कन्येच्या हातात पिशवी दिली. पंचवटी हलली, तिने हात हलवला, मीही हलवला. बाहेर येऊन बघतो तर नाना चालू इंजिनच्या गाडीत, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसलेले.

परत येताना मी विचारलं, "थंडीनेच गेली ना?"

"थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते," नाना म्हणाले. "शून्य अंशाला चांगल्या बॅटरीचासुद्धा साधारण तिसरा हिस्सा जोर कमी होतो. त्यात इंजिनचं ऑइल घट्ट, म्हणजे काम जास्त आणि अंगात बळ कमी. पण धडधाकट बॅटरी आपल्याकडची थंडी सहज काढते. मरते ती उन्हाळ्यात. आतलं पाणी उडतं, पट्ट्या गंजतात, आणि वरून काही दिसत नाही. उन्हाळ्यात किल्ली मारली की गाडी चालूही होते. थंडी फक्त बातमी सांगते."

मी गप्प झालो. आठ महिन्यांपूर्वीचं ऊन गाडीत येऊन बसलं. शेवटी घसा खाकरून म्हणालो, "नाना, मे महिन्यात मी जे..."

"डावीकडे घ्या," नाना म्हणाले. "पुढे खड्डा आहे."

सोसायटीत आल्यावर मी गाडी बंद केली आणि उत्साहाने त्यांचाच मीटर लावून बघितला. १२.६! "नाना, सुधारली की!"

"आत्ताच्या आकड्यावर जाऊ नका," नाना म्हणाले. "नुकती धावून आली आहे, म्हणून वरवर चढलेली दिसते. रात्रभर उभी राहू दे. खरं काय ते सकाळी कळतं."

ते बॅटरीबद्दल बोलत होते की आमच्याबद्दल, हे मला त्या रात्री बराच वेळ कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दाराची बेल वाजली. माकडटोपी, मफलर, हातात मीटर. मीटरवर १२.० आले. बॅटरी बदलायची ठरली. चहा दोन वेळा झाला.

नवी बॅटरी आता कडुनिंबाखाली असते, नानांच्या गाडीच्या शेजारी. टपावर कावळे रोज आपलं मत नोंदवून जातात. मी पुसतो, आणि बोलत काही नाही.