टांकसाळीची चूक

नाण्यांचा नाद आम्हांस पन्नाशी उलटल्यावर लागला. इंग्रजीचे अध्यापक या नात्यानें दुसऱ्यांच्या चुका शोधण्यांतच आमची तीस वर्षें गेलेलीं. तेव्हां चुकलेल्या नाण्यांकडे आमचें मन विशेष ओढावें यांत नवल नाहीं. सदोष नाण्याला पुष्कळदां निर्दोष नाण्याहून अधिक मोल येतें. अट एवढीच कीं, दोष टांकसाळींतला हवा. नाणें बाहेर पडल्यावर जगानें केलेली मोडतोड या हिशेबांत धरीत नाहींत.

हातोड्यानें पाडलेल्या नाण्यांत हा भेद चटकन् लक्षांत येत नाहीं. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असतात. आमच्या संग्रहांतील एका शिवराईवर नुसतें ‘छत्र’ आहे, ‘पति’ नाहीं. तें कोणी घासून काढलेलें नव्हे. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि घाव हाताचा. तुकडा जरा सरकला कीं खालची ओळ बाहेरच राहिली.

यंत्रावर पाडलेल्या नाण्याची परीक्षा निराळी. पोलादी ठशाला तडा गेला म्हणजे दाबाखालीं चांदी त्या तड्यांत शिरते व नाण्यावर उंच रेघ उठते. उलट, व्यवहारांत पडलेला ओरखडा खोल असतो आणि नांगराच्या तासाप्रमाणें त्याच्या कांठाला सरकलेल्या धातूचा वरंबा उभा राहतो. म्हणून उंच तें टांकसाळीचें, खोल तें बाहेरचें, असें एक सूत्र आम्हीं मनाशीं बसविलें. अध्यापकाला सूत्र सांपडलें कीं त्याची दृष्टि अधू होते, हें आम्हांस ठाऊक असावयास हवें होतें.

आईच्या पश्चात् तिच्या डब्यांत 1862 सालचा एक रुपया निघाला. राणीच्या मुकुटावर, अगदीं कडेला, चांदीचा ओबडधोबड उंचवटा. ठशाच्या कडेचा तुकडा उडाला म्हणजे असाच उंचवटा येतो. आम्हांस हर्ष झाला. मित्रमंडळींना तो दाखवून झाला. येईल ती किंमत निम्मीनिम्मी वांटून घ्यावी, असें धाकट्या भावाशीं ठरूनहि गेलें.

मग आम्हीं तो एका वृद्ध सराफांकडे नेला. त्यांनीं भिंगाला हातसुद्धां लावला नाहीं. “सर, जरा मागची बाजू पाहा,” ते म्हणाले. ठसा तुटलेला असता तर चांदी त्या खळग्यांत शिरली असती, बरोबर पाठीमागच्या वेलबुट्टीला ती अपुरी पडली असती व तेवढी नक्षी पुसट राहिली असती. येथें पान अन् पान रेखीव होतें. नंतर त्यांनीं नाणें उभें धरलें. कडेचे बारीक दांते उंचवट्याजवळ बुजून गेले होते. ठशाच्या दोषानें असें होत नाहीं; कड घडते ती ठशाभोवतालच्या निराळ्या कड्यांत.

“डाख आहे हा. इथं कडी होती. माळेतला रुपया दिसतो.”

रुपयांची माळ आम्हीं लहानपणीं आईच्या गळ्यांत पाहिली होती. आम्ही महाविद्यालयांत शिकावयास पुण्यास गेलों, त्या वर्षाच्या दिवाळींत ती दिसली नाहीं. फीचे पैसे कोठून आले हें आम्हीं विचारलें नाहीं. वडिलांनींहि सांगितलें नाहीं. त्यांतला एक रुपया तिनें मागें ठेवला, आणि त्याची कडी मात्र काढून टाकली. कां, तें आतां कोणाला विचारावें?

डाख काढून नाणें साफ करून देऊं का, असें सराफांनीं विचारलें. आम्हीं नको म्हटलें.

रात्रीं भावाला फोन केला. चूक टांकसाळींतली नाहीं आणि रुपया विकावयाचा नाहीं, एवढेंच सांगितलें. तो कांहीं वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बारा होते, दादा. मी मोजायचो.”