टीव्हीखालचा झोपाळू

टीव्हीखालच्या कप्प्यात तो काळा, चपटा डबा दिसतोय ना? त्याला सेट-टॉप बॉक्स म्हणू नका, अपमान होतो त्याचा. तो चांगला पूर्ण संगणक आहे. फक्त नोकरी धरलीय ती सिनेमे दाखवण्याची. जाणकार त्याला एचटीपीसी, म्हणजे होम थिएटर पीसी, म्हणतात.

घराणं तसं खर्चिक. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली आणि याचे वाडवडील टेबलावरून उठून हॉलमध्ये आले. पुढे थाट वाढत गेला. जाडजूड ग्राफिक्स कार्ड, साडेसहाशे वॉटचा पॉवर सप्लाय, घरघरणारे पंखे. काही न करता नुसते चालू राहिले तरी साठेक वॉट सहज खायचे. चोवीस तास बंदच केला नाही, तर वर्षाचे सव्वापाचशे युनिट झाले. त्यात पॉवर सप्लाय गरजेपेक्षा फार मोठा असला, की इतक्या कमी कामावर तो वीज वायाच जास्त घालवतो.

हा मात्र इंटेलच्या एन१०० चिपवरचा, २०२३ नंतरचा. कागदावर ६ वॉट. पण ते स्थळाच्या बायोडेटातल्या वयासारखं, जरा कमीच सांगितलेलं. प्लगपाशी मीटर लावून बघा: निवांत असताना सात-आठ, आणि कामाला जुंपला की पंधरा-वीसच्याही पुढे. तरी आजोबांपुढे हा उपाशीच म्हणायचा.

याची खरी हुशारी काम दुसऱ्यावर ढकलण्यात आहे. फोर-के सिनेमा लावा, हा स्वतः हातही लावत नाही. चिपच्या ग्राफिक्स भागात व्हिडिओ उलगडणारा एक वेगळा कारागीर बसलाय, त्याच्याकडे फाइल सरकवतो आणि स्वतः पाच-दहा टक्क्यांवर आराम करतो. त्या कारागिराला व्हिडिओचे नवे-जुने फॉरमॅट येतात: २००३ चा एच.२६४ येतो, २०१३ चा एचईव्हीसी येतो, २०१८ चा एव्ही१ सुद्धा येतो. पण त्याला न विचारणारा प्लेअर लावलात, तर सगळा बोजा याच्या अंगावर. चारही कोअर शंभर टक्क्यांवर, पंखा किंचाळतोय आणि पडद्यावरचा नायक अडखळत धावतोय. लोक म्हणतात, मशीन कमी पडलं, मोठं घ्या. अहो, आधी सेटिंग बघा!

काही कंजूष मालक त्याचा टर्बो, म्हणजे गरजेला वेग वाढवायची सोयच, बंद करतात. वाचतात किती, तर थोडेसे वॉट, तेही तो काम करत असेल तेवढ्यापुरते. आणि सिनेमांची पोस्टरं एकेक करून उगवताना बघत बसावं लागतं. माझं मत विचाराल तर त्याला धावू द्यावं. काम झटपट उरकून लवकर आडवा होतो, तीच त्याची काटकसर.

मिजास एकाच बाबतीत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, घरी बघायच्या फाइलीत बहुतेक वेळा २३.९७६. टीव्ही सेकंदाला ६० चित्रांवर ठेवला, की कॅमेरा सावकाश फिरताना दृश्य बारीक गचके खातं. २०११ च्या, इंटेलच्याच सँडी ब्रिज चिपवाल्या थोरल्या भावाला तो अपूर्णांक जमेना. तो बरोबर २४ पाठवायचा आणि चाळीसेक सेकंदांनी एक गचका बसायचा. हा व्यवस्थित जमवतो. फक्त तसं सांगून ठेवावं लागतं. वॉट एकही जास्त लागत नाही.

आणि झोप! झोपेत एक-दोन वॉट, पण फार सावध. टीव्हीचा रिमोट बहुतेक वेळा याच्या खिजगणतीत नसतो. मात्र पुसताना माउसला फडक्याचा धक्का लागला की टक्क जागा. कधी रात्री तीनला आपणहूनच उठतो. ‘कोणी उठवलं रे?’ हे विंडोजला विचारायची आज्ञा आहे. लगेच चुगली करतो: नेटवर्क कार्ड. त्याची उठवायची परवानगी काढून घ्यावी, तर पुढच्या वेळी माउसचं नाव सांगतो. माउसचीही काढली, की मग अपडेटवर ढकलतो.